साठ झाकणांवरची सही

मुलांनो, जरा माझ्याबरोबर कल्पना करा. तुम्ही एका पांढऱ्या व्हॅनच्या मधल्या सीटवर बसला आहात. पाठीमागे थर्मोकोलचे दोन मोठे खोके आहेत आणि त्यांत आइस्क्रीमचे साठ कप. व्हॅन एका लांबच लांब पुलावर उभी आहे. पुढे गाड्या, मागे गाड्या, दोन्ही बाजूंना सिमेंटचे कठडे. खाली रस्ता दिसतो, दुकानं दिसतात, एक माणूस कोयत्यानं शहाळं सोलतो आहे तोही दिसतो, पण त्याच्यापर्यंत जायला वाट नाही. या पुलावर एकदा चढलं की उतरायचं ते थेट शेवटी, बंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीला.

आणि तुमच्या पोटात गुरगुरायला लागलं आहे.

आली का ती सीट डोळ्यांपुढे? मग आता तुम्ही उठा आणि तिथे स्वानंदीला बसू द्या. ही गोष्ट तिची आहे.

स्वानंदी अकरा वर्षांची. तीन वर्षांपूर्वी आई-बाबांबरोबर पुण्याहून बंगळुरूला आली. तिला दूध आवडायचं, पण तिच्या पोटाला ते मुळीच आवडायचं नाही. असं बऱ्याच जणांचं असतं, तुमच्या वर्गातही कोणी असेल. दुधात एक साखर असते, लॅक्टोज नावाची. ती पचायची तर आधी तिचे तुकडे व्हावे लागतात. ते तुकडे करणारा रस काही जणांच्या पोटात पुरेसा तयार होत नाही. मग ती साखर तशीच पुढे आतड्यात जाते आणि तिथे दंगा करते. पोट फुगतं, कळा येतात आणि धावत जावं लागतं. कुठे, ते मी सांगायला नको.

स्वानंदीची मावशी, सुचेता, बंगळुरूतच राहायची. ती आधी एका मोठ्या कंपनीत संगणकावर काम करायची. एका लग्नात सगळी मुलं कुल्फी खात होती आणि स्वानंदी खुर्चीवर पाय हलवत केळं खात होती. ते मावशीला बघवलं नाही. पुढच्या वर्षी तिनं नोकरी सोडली आणि जयनगरच्या एका शांत गल्लीत, एका घराचा तळमजला भाड्यानं घेऊन, बिनदुधाचं आइस्क्रीम करायला सुरुवात केली. नारळाचं पहिलं घट्ट दूध, भिजवून गंधासारखे वाटलेले काजू, गूळ, फणस, कूर्गची कॉफी. कशालाच घाई नाही आणि कशातच खोटा वास नाही.

मावशीकडे आइस्क्रीम नुसतं खायला मिळायचं नाही, ते कसं खायचं हेही शिकावं लागायचं. ती सारख्या आकाराचे दोन कप हातात द्यायची, एक बाजारातला आणि एक तिचा. "सांग, जड कुठला?" तिचा जड असायचा. स्वस्त आइस्क्रीममध्ये घुसळताना भरपूर हवा भरलेली असते, म्हणून कप मोठा आणि ऐवज थोडा. मग ती कप टेबलावर ठेवून घड्याळ लावायची. पाच मिनिटं हात लावायचा नाही. फार गार असलं की जीभ बधिर होते आणि चव कळतच नाही. पाच मिनिटांनी अर्धा चमचा घ्यायचा, चमचा तोंडात उलटा करायचा म्हणजे आइस्क्रीम थेट जिभेवर येतं, आणि चावायचं नाही. गप्प बसायचं. आधी गारवा जातो, मग गोडी येते आणि सगळ्यात शेवटी नारळ. तो शेवटचा नारळ ज्याला सापडला नाही, त्याला मावशी दुसरा चमचा द्यायची नाही.

स्वानंदीला तो पहिल्याच दिवशी सापडला. मावशीनं तिला तिथल्या तिथे कामावर ठेवलं.

काम असं. नवा स्वाद आला की मावशी नमुना प्रयोगशाळेत पाठवायची आणि तिथून दूध नसल्याचा कागद यायचा. पण त्यानंतरचा प्रत्येक घाणा काही प्रयोगशाळेत जायचा नाही. तो जायचा स्वानंदीच्या पोटात. दर शनिवारी दुपारी दोन वाजता ती एक कप खायची आणि चार वाजेपर्यंत तिथेच बसायची. दुसरं काही खायचं नाही. भिंतीवर तक्ता होता: स्वाद, पहिला तास, दुसरा तास, सही. पोट शांत राहिलं की सही. मग ती झाकणांवर लावायच्या गोल चिकटपट्ट्यांवर हिरव्या स्केचपेननं स्वतःचं नाव लिहायची. गिऱ्हाइकं दुकानात येऊन विचारायची, "स्वानंदीनं तपासलेलं आहे ना?"

मावशी म्हणायची, "माणसं खोटं बोलतील, पण माझ्या भाचीचं पोट खोटं बोलत नाही."

आता मागचा शनिवार.

पुरणपोळीचं आइस्क्रीम हा मावशीचा नवा स्वाद. नारळाच्या दुधाच्या आइस्क्रीममध्ये पुरणपोळीचे लहान लहान तुकडे. नमुन्याच्या पोळ्या मावशीनं स्वतः लाटल्या होत्या. त्या जाड झाल्या, कडांना फाटल्या, पण प्रयोगशाळेचा कागद चोख आला. मग साठ कपांची मागणी आली तेव्हा मावशीनं पोळ्यांचं काम रत्नाबाईंना दिलं.

रत्नाबाई बंगळुरूजवळच्या आनेकलच्या. त्यांचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलं आणि इथलंच झालं. घरात मराठी, पण ती अर्धी कन्नडमध्ये भिजलेली. त्या आठवड्यातून तीन दिवस मावशीकडे नारळ खवायला यायच्या आणि त्यांचा मुलगा गिरीराज व्हॅन चालवायचा. रत्नाबाईंची पोळी कागदासारखी पातळ. मावशीनं त्यांना दहा वेळा बजावलं, "पुरणात दूध नको, पोळीला तूप नको." रत्नाबाई म्हणाल्या, "सरी अक्का, सरी," म्हणजे बरं ताई, बरं. शनिवारी सकाळी त्या डबा भरून पोळ्या घेऊन आल्या.

त्याच शनिवारी साडेतीनला स्वानंदीच्या शाळेचा खो-खोचा सामना होता.

दोन वाजता तिच्यापुढे कप आला. स्वानंदीच्या मनात एकच गोष्ट होती. समजा पोट दुखलं तर? मग सामना गेला. तिच्या दप्तरात गोळ्यांची एक पट्टी होती. बाबांनी लग्नाकार्यांसाठी, बाहेरगावी जाण्यासाठी आणून ठेवलेली. पोटात जो रस कमी पडतो, तोच त्या गोळीत असतो. दुधाच्या पदार्थाबरोबर ती घेतली की तेवढ्या वेळापुरतं पोट गप्प राहतं. घरचा नियम होता, विचारल्याशिवाय घ्यायची नाही.

स्वानंदीनं असा विचार केला: या आइस्क्रीममध्ये दूध नाहीच. मग गोळी घेतली काय आणि न घेतली काय, सारखंच.

तुम्हाला यातली चूक दिसते का? घाई करू नका. तिलाही ती दुसऱ्या दिवशी पुलावर दिसली.

तिनं गोळी घेतली, आइस्क्रीम खाल्लं आणि सव्वातीनला मावशीला गयावया करून पळाली. सामना जिंकला. साडेपाचला धुळीनं माखलेली परत आली.

"काय म्हणतंय पोट?" मावशीनं विचारलं.

"काहीच नाही."

"स्वल्प पण गुडगुड नाही?" रत्नाबाईंनी कोपऱ्यातून विचारलं. त्यांचा जीव टांगणीला लागला होता, पोळ्या त्यांच्या होत्या ना.

"स्वल्प पण नाही, आजी."

तक्त्यावर सही झाली. मग साठ चिकटपट्ट्यांवर साठ वेळा नाव. शेवटी शेवटी बोटं आखडली.

हे साठ कप ध्रुवच्या वाढदिवसाचे होते. ध्रुव सहा वर्षांचा होणार होता. त्याची आई, मैत्रेयी, नागपूरची. ते इलेक्ट्रॉनिक सिटीच्या एका सोसायटीत राहायचे. ध्रुवचं दुखणं स्वानंदीसारखं नव्हतं, आणि हा फरक नीट लक्षात ठेवा. स्वानंदीला दूध पचत नाही. ते पोटात गेलं तर ती दोन तास कण्हेल आणि संध्याकाळी खेळायला जाईल. ध्रुवला दुधाची अ‍ॅलर्जी होती. त्याचं शरीर दुधाला शत्रू समजायचं. एक चमचा पोटात गेला तर ओठ सुजायचे, अंगावर गांधी उठायच्या, श्वास अडकायचा. चार वर्षांचा असताना त्याला एकदा दवाखान्यात न्यावं लागलं होतं. स्वानंदीची गोळी अशा मुलाच्या काहीच कामाची नाही.

त्यामुळे ध्रुवनं आजवर कोणाच्याच वाढदिवसाला आइस्क्रीम खाल्लं नव्हतं. त्याची आई घरून डबा द्यायची, तोच खायचा. या वर्षी तिनं ठरवलं होतं की साठही मुलं तेच खातील जे ध्रुव खाईल. त्यानं मावशीच्या फोनवर निरोप पाठवला होता आणि मावशीनं तो सगळ्यांना तीनतीनदा ऐकवला होता: "स्वानंदीताई, तू खाल्लंस ना, मग मी पण खाणार. मला दोन कप मिळतील का? आणि तू पण ये."

म्हणून रविवारी स्वानंदी व्हॅनमध्ये होती.

अकराला जयनगर सोडलं. पार्टी एक वाजता. मावशी नेहमी चार कप जास्त भरायची. सिग्नलवर गाडी अडली तेव्हा तिनं त्यांतले दोन मागे दिले. "खा. तिथले कप मुलांना लागतील. ध्रुवनं विचारलं तर आत्ताच दोन खाल्ले म्हणून सांगता येईल."

"मला नाही का, अक्का?" गिरीराजनं विचारलं.

"तुम्ही आधी गाडी चालवा."

"एका हातानं चालवतो ना."

"म्हणून तर म्हणते!"

स्वानंदीनं पाच मिनिटं थांबून, चमचा उलटा करून, नीट खाल्लं. आधी गारवा, मग गूळ, मग वेलची. पोळीचा तुकडा जिभेवर मऊ होऊन उलगडायचा. शेवटी नारळ, आणि नारळाच्याही मागे आणखी काहीतरी, गोड आणि जाडसर. 'रत्नाबाईंच्या हाताची चव,' असं तिला वाटलं. तिनं दोन्ही कप संपवले.

पाऊण तासानं व्हॅन पुलावर चढली. दोन किलोमीटर गेली आणि थांबली.

पहिली दहा मिनिटं तशीच गेली. मग हॉर्न वाजू लागले. शेजारून, दुसऱ्या उंच रुळावरून मेट्रो सळसळत गेली, तिच्यातली माणसं खिडकीतून यांच्याकडे बघत होती. गिरीराज म्हणाला, "पुढे लॉरी बंद पडली असेल. आता बसा."

मावशीचा फोन पुढे काचेजवळ अडकवलेला होता. तो वाजला. ध्रुवची आई.

"हो हो, पुलावर आहोत," मावशी म्हणाली. "नाही, कोरडा बर्फ आहे ना, दोन-तीन तास काही होत नाही. वीस मिनिटं फक्त."

फोनमधून ध्रुवचा आवाज आला, लांबून, ओरडून: "मी आधी केक नाही कापणार! आधी आइस्क्रीम!"

मावशी हसली. स्वानंदी हसली नाही. कारण त्याच वेळी तिच्या पोटात पहिल्यांदा गुर्र झालं.

तिनं पोटावर हात ठेवला. भूक असेल. पुन्हा गुर्र. मग बेंबीच्या खाली एक बारीक कळ, ओळखीची. अगदी ओळखीची. तिच्या कपाळावर घाम आला. आज तिनं सकाळपासून काय खाल्लं होतं? पोहे आणि संत्रं. आणि दोन कप.

"मावशी," तिनं विचारलं, "पोळीत चुकून दूध पडलं असेल का?"

मावशी पुढची रांग बघण्यात गुंतली होती. "काल कप खाऊन सही कोणी केली? तूच ना? मग मला काय विचारतेस? तुझ्या पोटाला विचार."

तिचं पोट सांगतच होतं. पण कालचं पोट तिचं नव्हतं, ते गोळीचं होतं. आणि ती दोन तास बसलीही नव्हती.

आता तिला चूक दिसली. आइस्क्रीममध्ये दूध आहे की नाही हेच तर शोधायचं होतं. नाही असं आधीच धरून चाललं, तर ती तपासणी कसली?

मावशी दार उघडून खाली उतरली. "मी पुढे जाऊन बघून येते," म्हणाली आणि गाड्यांच्या मधून चालत गेली. व्हॅनमध्ये गिरीराज आणि स्वानंदी राहिले. ऊन काचेवर आपटत होतं. दुसरी कळ आली. स्वानंदीनं पाय पोटाशी घेतले.

"काय गं पुट्टी, तोंड का उतरलं?" गिरीराज आरशात बघून म्हणाला. लहान मुलीला तिकडे पुट्टी म्हणतात. "जायचंय का कुठे? इथे तर नुसता पूल आहे बघ."

"गिरीराजअण्णा, पोळ्यांची कणीक कशात मळली होती?"

"कशात म्हणजे? परातीत!"

"तसं नाही. पाण्यात की..."

गिरीराज एकदम ताठ बसला, आवाजात अभिमान आला. "पाण्यात? छे छे. आमची आई बाहेर द्यायची पोळी पाण्यात मळत नाही. घरात खायची ती पाण्यात. दुसऱ्याच्या घरी जायची, प्रवासाला जायची, ती दुधात. दशमीसारखी. माझी आजी तसंच करायची, तिची आई पण. शुक्रवारी आईनं दोन लिटर दूध आटवलं बघ, फक्त कणकेसाठी. दुसऱ्याच्या लेकराचा वाढदिवस, पाण्यातली पोळी कशी पाठवायची म्हणाली."

"पण मावशीनं सांगितलं होतं ना, दूध नको?"

"पुरणात नको म्हणाल्या, घातलं नाही. तूप नको म्हणाल्या, खोबरेल लावलं. कणकेचं कोण काय बोललं?" तेवढ्यात मागच्या गाडीनं हॉर्न मारला, आणि गिरीराज खिडकीतून डोकं बाहेर काढून त्याच्याशी कन्नडमध्ये भांडू लागला. काय बोलून गेलो हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

रत्नाबाईंनी काही लपवलं नव्हतं. त्यांच्या लेखी ती चूक नव्हतीच, तो मान होता.

स्वानंदीनं मागे वळून खोक्यांकडे पाहिलं. एका खोक्याचं झाकण थोडं उचकटलं होतं आणि आतून धुरासारखा गार वाफारा बाहेर येत होता. त्या वाफाऱ्यात वरच्या रांगेतली झाकणं दिसत होती. स्वानंदी. स्वानंदी. स्वानंदी. हिरव्या स्केचपेननं, गोल गोल अक्षरात.

तिला तिथून उठून पळावंसं वाटलं. सरकतं दार उघडून पुलाच्या कडेकडेनं जयनगरपर्यंत, घरापर्यंत, पुण्यापर्यंत. पण पूल दोन्ही बाजूंना भरलेला होता आणि पोट तिला सरळ उभंसुद्धा राहू देत नव्हतं.

मग तिच्या मनात आलं, आपण फक्त कणकेचं सांगू. गिरीराजअण्णा म्हणाला म्हणून सांगू. कप जाणार नाहीत, ध्रुव वाचेल आणि गोळीचं कोणाला कळणारही नाही. पण मग सगळे रत्नाबाईंना बोलतील. इतक्यांदा बजावलं होतं, तरी? रत्नाबाई पदराला हात पुसत, मान खाली घालून उभ्या राहतील. त्या दर शनिवारी तिच्यासाठी नारळाच्या वाटीच्या तळाची गोड खव बाजूला काढून ठेवायच्या. आणि कोणी म्हणणार नाही की, अगं स्वानंदी, ही चूक पकडायला तर तू बसली होतीस.

आणखी एक कळ आली, मोठी. तिनं ओठ दाबला.

फोन वाजला. ध्रुवची आई. गिरीराज म्हणाला, "वाजू दे, अक्का येतील." फोन वाजत राहिला आणि थांबला.

मावशी धापा टाकत परत आली. तिच्या चेहऱ्यावर आनंद होता. "हलली लॉरी! पाच मिनिटांत सुटू. गिरीराज, गाडी चालू करा. वेळेत पोहोचतोय आपण." ती मागे वळली. "काय झालं गं? पांढरी का पडलीस?"

पुढच्या गाड्यांचे लाल दिवे एकेक करून विझू लागले. व्हॅन हलली. आधी पावलापावलानं, मग जरा वेगानं. मघापासून स्वानंदी मनात एकच म्हणत होती, सुटू दे, सुटू दे. आता व्हॅन सुटली होती आणि तिला वाटलं, हा पूल कधीच संपू नये.

"मावशी, कप द्यायचे नाहीत."

"काय?"

"पोळ्यांची कणीक दुधात मळलेली आहे. आटवलेल्या दुधात."

गिरीराजचा हात गिअरवरच राहिला. "अय्यो," तो हळूच म्हणाला. त्याला आत्ता समजलं.

मावशी त्याच्याकडे बघत राहिली, मग स्वानंदीकडे. "पण काल... काल तुला काहीच झालं नाही. तू सही केलीस."

स्वानंदीनं पायाशी ठेवलेलं दप्तर उघडलं. आत हात घालून गोळ्यांची पट्टी काढली आणि दोन सीटच्या मधून पुढे धरली. दहातली एक जागा रिकामी होती, चंदेरी कागद फाटलेला.

"ही काल घेतली होती. सामना होता म्हणून. मला वाटलं दूध नाहीच आहे, तर घेतली तरी काय बिघडतं. आणि मी दोन तास बसलेपण नव्हते." तिचा आवाज बारीक होत गेला. "आज नाही घेतली. आज दुखतंय. खूप दुखतंय, मावशी."

मावशीनं पट्टी हातात घेतली. उलटून पाहिली. स्वानंदी वाट बघत होती की मावशी ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. पण मावशी पुढे तोंड करून बसली.

"रत्नाबाईंना बोलू नकोस," स्वानंदी म्हणाली. "त्यांना कणकेचं कोणी विचारलंच नव्हतं."

"नाही बोलणार," मावशी म्हणाली. आवाज कोरडा होता. "विचारायचं काम माझं होतं. आणि साठ मुलांचं ओझं तुझ्या एकटीच्या पोटावर टाकलं, तेही मीच." मग ती थांबली. "पण स्वानंदी, सही तुझी होती."

"हो."

"त्या पोरानं तुझं नाव वाचून खाल्लं असतं."

"हो."

गिरीराजनं गाडी डाव्या बाजूला घेतली. लांबवर पुलाचा उतार दिसू लागला होता, त्याच्यापुढे काचेच्या उंच इमारती. तिथेच कुठेतरी साठ खुर्च्या मांडल्या असतील, फुगे बांधले असतील, आणि एक मुलगा केक कापायला तयार नसेल.

फोन तिसऱ्यांदा वाजला. पडद्यावर नाव आलं: मैत्रेयी, ध्रुवची आई.

मावशीचा हात पुढे गेला आणि अर्ध्यावर थांबला. फोन वाजत राहिला. गिरीराजनं एकदा मावशीकडे पाहिलं, एकदा आरशात.

स्वानंदी एका हातानं पोट धरून उठली, दोन सीटच्या मधून वाकली आणि काचेजवळचा फोन ओढून घेतला. मावशीनं आपला हात मागे घेतला. स्वानंदीनं हिरव्या खुणेवर बोट दाबलं.

"काकू, मी स्वानंदी बोलतेय. झाकणांवर जिची सही आहे ना, ती. हे आइस्क्रीम आम्ही देऊ शकत नाही. त्यात दूध आहे, आणि माझ्या चुकीमुळे ते काल कळलं नाही." पलीकडे फुग्यांची, मुलांची गडबड ऐकू येत होती. तिनं श्वास घेतला. "काकू, ध्रुवला फोन देता का? त्याला मीच सांगते."